सडक्या माशाचं गिऱ्हाईक

नांदेडच्या मासळी बाजारात ती बाई डब्यानं माशांवर पाणी शिंपडत बसलेली असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लोक ताजा मासा मागत. मी मात्र तिनं टाकायला काढलेल्या माशांचे कल्ले उघडून बघायचो आणि अंगावर फोड असलेला रोहू मागायचो. शेजारी उभे असलेले लोक हळूच पुढच्या पाटीकडे सरकायचे.

मी माशांच्या साथीच्या रोगांवर संशोधन करतो, हे तिला जरा रुबाबातच सांगून पाहिलं. तिनं मान हलवली, पण अडचण लपवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

एकदा तिनं माझ्या पिशवीत एक लखलखीत रोहू सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, कायम सडकाच खाऊन राहिले तुम्ही. घरी कोणी बघणारं न्हाई का? आज ह्यो खावा."

मी मासे खातच नाही, हे सांगायला तोंड उघडेना. प्रयोगशाळेत नेऊन सवयीनं तो चिरला. एकही रोग निघाला नाही. दिवस वाया गेला.

पुढच्या खेपेला तिनं विचारलं, "कसा लागला?"

"लई चांगला," मी म्हणालो.

इतका ठाम निष्कर्ष माझ्या एकाही शोधनिबंधात नाही.