एक जूनचा नियम

सोनपेठची संघप्रिया परभणीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. ऑनलाइन अर्जात भरलेली माहिती तपासायची आणि खोट निघाली की अर्ज दारातूनच परत पाठवायचा, असे प्रोग्राम ती लिहायची. त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं, आणि हे तिलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

गरिबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मदत देणाऱ्या एका संस्थेचं काम आलं. खोटे अर्ज अडवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुण्याच्या प्रोग्रामर पोरांना सुचलं नसतं ते हिला सुचलं. आपल्याकडे जुन्या माणसांचा जन्म लिहून ठेवलाय कुणी? शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून ठोकायचे, तोच पुढं आधारकार्डावर चढला. म्हणजे तारीख बनावट! हिनं नियम घातला, एक जून दिसला की अर्ज परत. घरचा भेदी लागतो तो असा. साहेब दिनकरराव बेहद्द खूश झाले.

ज्या तयार सांगाड्यावर तिनं प्रोग्राम उभा केला होता, ते फ्रेमवर्क बिचारं प्रामाणिक. कुठला रकाना चुकला, का चुकला, सगळं सांगत होतं. दिनकरराव म्हणाले, "कारण कळलं की लोक कारणाचाच बंदोबस्त करतात. एकच ओळ दाखव." तिनं मान डोलावली आणि ओळ लिहिली, 'माहिती अवैध आहे.'

पुढं तिच्या आईला, सरजाबाईला, काचबिंदू निघाला. उशीर करू नका, डॉक्टरांनी बजावलं. संघप्रियानं त्याच संस्थेकडं अर्ज टाकायला सांगितलं आणि सिस्टिम आपलीच म्हणून निर्धास्त झाली. आईची जन्मतारीख तिच्या ध्यानातही आली नाही. त्या घरात आईचा वाढदिवस कधी कुणी केलाच नव्हता.

सरजाबाई गावातल्या बन्सीधरच्या ऑनलाइन सेंटरवर खेटे घालत राहिली. फोटो बदलला, मोबाइल नंबर बदलला, तरी तीच ओळ. लेकीपुढं अडाणी ठरायची लाज वाटे, म्हणून फोनवर म्हणायची, "व्हईल की, करायलेत त्ये."

दिवाळीला संघप्रिया घरी आली, तेव्हा आई चाचपडत चहा गाळत होती. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नसते. संघप्रियानं परत आलेला अर्ज उघडून पाहिला. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून होता. मग तिनं आईला सगळं सांगितलं.



"मी समजायले व्हते, माजाच फोटो वंगाळ," सरजाबाई म्हणाली. "आगं, ती तारीख गुरुजीनं लिवलेली. माजी माय म्हनायची, ज्वारी काढायच्या दिसात झालीस. मंग आता तूच सांग बाई, म्या कोन्ती तारीख लिवायची व्हती?"