बोरगाववाल्या बाई

खुशालराव एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी तरी अमरावती-अकोला साध्या गाडीवर काढलेली. जीभ अशी तिखट, की बडनेऱ्याला चढलेला फुकट्या लोणीचा थांबा यायच्या आत निमूट उतरायचा. आणि त्याच माणसाच्या तोंडात श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून एकच शब्द उरला होता, 'ते'. पाणी हवं तरी 'ते', चहा गोड झाला तरी 'ते'. उजवा हात मांडीवर पडून असायचा.

त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, रडणं पहिल्या आठवड्यातच आटोपलं. जेवतात, झोपतात, पेपर उलटा धरत नाहीत, मग रडायचं कशाला, असा तिचा रोकडा हिशेब. एक गोष्ट मात्र तिला आतून कुरतडत होती. अमरावतीच्या दवाखान्यात दर मंगळवारी बोलणं शिकवणारी प्रणाली नावाची मुलगी तिच्याकडं बोट करून विचारायची, "काका, या कोण? यांचं नाव सांगा." खुशालराव मैनाबाईकडं बघत, कपाळावर घाम येई, आणि शेवटी 'ते' निघे. प्रणाली कागदावर फुली मारी. तिसऱ्या फुलीला मुलगा गोपाल हळूच म्हणाला, "बाबा मायले इसरले वाटते."

ते वाक्य मैनाबाईच्या घशाखाली उतरेना. पुढच्या मंगळवारी गोपालला तिनं बाहेर बसवलं आणि प्रणालीला सरळ विचारलं, "खरं सांग पोरी, मी याइच्या डोक्यात हाओ का नाई?"

प्रणालीनं टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू पुढं ओढला आणि उघडला. हा मोठा मेंदू, याचे दोन भाग. डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा डावी. मागं खाली हा लहान मेंदू, तोल सांभाळणारा. त्याच्यापुढं हे खोड, श्वास आणि काळजाचे ठोके याच्या ताब्यात. काकांची रक्ताची गाठ अडकली ती इथं, डावीकडं पुढं, जिथं शब्द जुळवले जातात. म्हणून हातही गेला आणि बोलणंही. पण ऐकलेलं समजतं ते जरा मागं, ती जागा शाबूत आहे.

मैनाबाईनं तो मेंदू हातात घेऊन वळवून पाहिला. एवढा सगळा कारभार एका टोपीखाली चालतो याचं तिला नवल वाटलं. "मंग यात माहं नाव कुठी रायते?"

"एका जागी नाही राहत, मावशी. तुमचा चेहरा एकीकडं, आवाज एकीकडं, नाव आणखी कुठं. नवीन शब्द जुळवायचा तर ही बिघडलेली जागा लागते. पण हजारदा म्हटलेलं, वार म्हणा, आरती म्हणा, ते कधीकधी दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. काका तुमचं नाव तर हजारदा घेत असतील ना?"

मैनाबाईला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला.

"अवो, चाळीस वर्सांत त्याइनं माहं नाव घेतलंच नाई. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेते काय? घरात 'ऐकलं काय', चारचौघांत 'गोपालची माय'. जे कधी म्हटलंच नाई, ते आता काहून म्हणतीन?"

प्रणालीची पेन्सिल थांबली. तीन फुल्या तिच्या कागदावर उगाच बसल्या होत्या.

मैनाबाईला मात्र भलतंच आठवलं होतं. माहेरी, बोरगावला, ती नवऱ्याच्याच गाडीनं जायची. ड्यूटीवर बायकोबियको काही नाही, तिलाही रांगेत तिकीट. तिनं खुर्ची ओढली, नवऱ्याच्या पाठीमागं प्रवाशासारखी बसली आणि टेबलावर दोनदा टिचकी मारली, गाडी सोडायची डबल बेल. "अमरावती," ती म्हणाली. "बडनेरा."

खुशालरावांची पाठ ताठ झाली. डावा हात खांद्यावर गेला, बॅगेचा पट्टा असायचा तिथं. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

"लोणी," ते म्हणाले. आवाज घोगरा, पण शब्द अख्खा. "मूर्तिजापूर."

यापुढचं गाव आलं तर आपण त्यांच्या डोक्यात आहोत, नाही आलं तर गोपाल म्हणतो ते खरं, एवढंच मैनाबाईला कळत होतं.

"बोरगाव," खुशालराव म्हणाले. मग मान वळवून त्यांनी तिच्याकडं पाहिलं, जुन्या गाडीत पाहायचे तसंच, मिस्कील. "बोरगाववाल्या बाई, दारापाशी या."

या वाक्यावर गाडीभर लोक हसायचे आणि मैनाबाई रागानं लाल होऊन उतरायची. आज तिनं डोळे पुसले आणि खुर्ची आणखी पुढं सरकवली.

"मी नाई उतरत," ती म्हणाली. "अकोल्यापर्यंतचं तिकीट द्या."