रशियन बाईचं मधलं नाव

कॉलेजात असताना मी एक रशियन कादंबरी विकत घेतली होती. मराठी अनुवाद, पण जाडी अस्सल रशियन. ती काखेत धरून, नाव बाहेरच्या बाजूला दिसेल अशा बेतानं, मी रंकाळ्यावर कितीतरी संध्याकाळी फिरलो. तिच्याकडं बघून एकही मुलगी थांबली नाही. एक म्हैस थांबली, तिनं वास घेतला आणि तीही पुढं गेली. वाचायचं म्हणाल तर मी सुरुवातीच्या काही पानांपुढं सरकलोच नाही. त्या लोकांना एकेकाला तीन-तीन नावं. मी एका माणसाची तीन माणसं करून बसायचो आणि मग ती तिघं एकाच खुर्चीत कशी बसलीत ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला आणि डोळ्याला धक्का बसेल असा प्रवासही. आई म्हणाली, "मग वाचून दाव कायतरी. एवढं शिकवलंय कशाला तुला?"

घरात वाचण्यासारखं दोनच निघालं, मिक्सरचं माहितीपत्रक आणि ती कादंबरी. माहितीपत्रक पहिल्याच दुपारी संपलं.

नावांची भीती मी तिला आधीच घालून ठेवली. ती म्हणाली, "त्यात काय? आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आपल्यागतच की. एवढं कळंना व्हय रं तुला?" अख्ख्या तरुणपणात मला न सुटलेलं कोडं तिनं डोळ्यावर पट्टी असताना सोडवलं.

मग तिनं एकेकाला धरलं. जमीनदाराचा थोरला मुलगा खिडकीशी उभा राहून पानंच्या पानं आत्म्याचा विचार करायचा. "ह्याला शेरडं राखाय लावा," आई म्हणाली. "दोन दिसात आत्मा ठिकाणावर येतोय." नाचाच्या समारंभात कुणीतरी कुणाला तरी हसलं, म्हणून दोघं पिस्तुलं घेऊन माळावर गेले, तेव्हा तिनं वाचन थांबवलं. "बांध कोरला काय कुणी कुणाचा?" नाही, म्हटलं. "मग मराय कशाला निघाल्यात?" गावातला डॉक्टर तिला अजिबात पसंत नव्हता. "येतोय, बंबाजवळ बसून च्या ढोसतोय, उसासा टाकतोय. औषीद कवा देणार?" चहाचं पाणी उकळायचा तो रशियन सामोवार तिच्या लेखी बंबच होता आणि मलाही आता तो तसाच दिसतो.

हळूहळू ही माणसं घरातच राहायला आली. एकदा आई पलंगावरून म्हणाली, "त्यो डाक्टर आला न्हाई अजून, दार लावू नगासा," आणि माझी बायको खरंच दाराशी जाऊन जिन्यात वाकून बघून आली. पुढं चहा ओतताना तिच्याकडून एखादा कप जास्त व्हायला लागला. तो कप मीच पीत होतो, पण जरा दबकत.

आणि मग जमीनदाराची सून आली. सासर दूरचं, नवरा थंड, दाराच्या उंबऱ्यापर्यंत बर्फ. एक म्हातारा नोकर दिवा घेऊन तिच्या खोलीशी येतो आणि तिला हाक मारतो, तिच्या नावानं आणि तिच्या बापाच्या नावानं.

"थांब," आई म्हणाली. "हिचं लगीन झालंय न्हवं?"

"झालंय की."

"मग मधी बापाचं नाव कसं अजून?"

"त्यांच्यात तसंच असतं, आई. बापाचं नाव जन्मभर राहतं."

"आणि तिचं सोताचं?"

"ते कशाला बदलतंय?"

ती उशीवरून जरा वर सरकली. मग म्हणाली, "हाक मारतोय तेवढंच परत वाच."

मी वाचलं. तिनं मान दाराकडं वळवली होती. पट्टीखालून काय दिसत असेल कोण जाणे, पण मलाही दाराकडं बघायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून आत्मा, पिस्तुलं, डॉक्टर सगळे मागं पडले. "नवरा कसा का असंना," ती म्हणायची, "घरात हाक नीट मारत्यात तिला." रोज तेवढीच हाक ती मला परत-परत वाचायला लावायची. चौथ्या की पाचव्या दुपारी तिनं मला सांगितलं की तिचं लग्नाआधीचं नाव तिच्या सासूचंही होतं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं लिहिलं गेलं. पहिलं नाव म्हणजे मामा तिला हाक मारायचे ते. मी जन्मभर ते लाडाचं नाव समजत आलो होतो. इथं ते लिहीत नाही, कारण आईनं बजावलंय, "सासूबाईंचं नाव हाय, लिवू नगंस."

"त्या नावानं हाक मारणारा आता आण्णा तेवढा ऱ्हायलाय," ती म्हणाली. "त्याच्या तोंडनं एकदा ऐकू दे मला."

आण्णा म्हणजे माझे मामा, ते मुरगूडला असतात. त्यांना विसर पडायला लागल्याचं मामेभाऊ फोनवर सांगत होता. आधी जेवल्याचं विसरायचे, मग नातवंडं, आणि परवा त्यालाच पावणं म्हणाले. इकडं डॉक्टर धक्का नको म्हणत होते. आई रोज विचारायची, आज जायचं का, आणि मी रोज डोळ्यात थेंब घालून नाही म्हणायचो. डॉक्टरांनी हो म्हटलं त्याच सकाळी आम्ही निघालो. कागलच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागून मी इतकी हळू गाडी चालवली की एका सायकलवाल्यानं वळून आमची चौकशी केली.

मामा सोप्यात खुर्चीत बसले होते. "या पावणं, बसा," म्हणाले. आई काळा चष्मा लावून त्यांच्या समोर बसली.

"आण्णा, मी हाय."

मामांनी तिला हात जोडले. "रामराम." मग माझ्याकडं वळले. "कोल्हापूरचं न्हवं तुमी? शिक्षान काय?"

मामेभावाची बायको, आमची वहिनी, माझ्या कानाशी म्हणाली, "भनीला बघाय पावणं येणार, असंच म्हणत असत्यात रोज."

"बी. कॉम.," मी म्हणालो.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईलाच विचारलं, "पोरगा ह्योच व्हय? वयानं जास्त वाटतोय."

"न्हाई," आई शांतपणे म्हणाली. "ह्यो थोरला भाऊ त्याचा."

"मग बरं." मामा सैल झाले. "आमची पोरगी जरा लाजाळू हाय." आणि मान माजघराकडं करून त्यांनी हाक मारली. ते नाव. दिवसभर पुटपुटणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातून विशीतल्या गड्याचा आवाज निघाला. "अगं, च्या आण पावण्यास्नी!"

आतून काही आलं नाही. कोण येणार? तरी आतल्या अंधारात कुणीतरी पदर सावरत उभं आहे असं मला क्षणभर वाटलं. मामांची मान तशीच वळलेली, आणि चेहरा हळूहळू भेदरत चाललेला. पोरगी कुठं गेली?

"आलो, आण्णा," आई म्हणाली.

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, पण मामांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आवाज त्यांना आतूनच आला. चेहरा निवला. आई उठली, भिंतीचा आधार घेत आत गेली आणि वहिनीच्या मदतीनं कपबशा वाजवत चहा घेऊन आली.

मामांनी कप घेतला आणि वर पाहिलं. "तुमी कशाला आणलासा, आईसाब? पोरगी कुठाय आमची?"

आणि पुन्हा दाराकडं वळून तीच हाक.

आई परत आत निघाली. वहिनीनं तिचा दंड धरला. "आत्ती, बसा की आता. डोळ्याला तरास हुईल."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "मारू दे त्याला हाक."

माजघराच्या दाराआड, मामांना दिसणार नाही पण ऐकू जाईल अशी, ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी बाहेर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसलो होतो, चहावर साय धरत होती. आतून "आलो" आलं. मामा हसले, जरा थांबले, आणि पुढच्या हाकेसाठी त्यांनी श्वास घेतला.