लगाम मी धरीन

मांडीवर थाप मारून तो म्हणायचा, “औंदा घोडी घेतोच!” आणि माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला बापू चहा सांडेपर्यंत हसायचा.

दोघे शाळेपासूनचे दोस्त. हा रेल्वेत गँगमन, बौद्धवाड्यात राहणारा. बापू गावातला बागायतदार पाटील. ऐंशीच्या आधीची गोष्ट, नांदगावजवळच्या आमच्या गावची. असे मस्करीचे जोडीदार तुम्हीही पाहिले असतील.

“घोडीला घालशील काय लेका? रुळातली खडी?”

“तू बैलांना काय घालतो? नुसत्या थापा. तरी जगलेच ना!”

“डोळ्याखाली भोवरा नाय ना, बघून घे. घर बुडवती तसली घोडी.”

“तुझ्या टाळक्यात दोन भोवरे हायेत, बापू. तरी एकच बायको तुला पुरून उरली!”

मग बापूचं ठरलेलं वाक्य यायचं, “तू घे तर खरं. तुझ्या पोराच्या वरातीत लगाम मी धरीन.” मी ते हसण्यावारी न्यायचो. त्याने तो शब्द मानला. भोळा, अगदी भोळा माणूस!

पोराचं लग्न ठरलं आणि त्याने खरंच येवल्याच्या बाजारातून तांबडी घोडी आणली. उपरण्याखाली बोटं दाबून, खुणेनं भाव ठरवून सौदा बापूनेच केला. हा टांगा जुंपणार असेल, असं बापू धरून चालला होता.

वरात निघाली. मारुतीच्या पारापाशी बापू उभा, मागे सगळी भावकी. बौद्धवाड्यातला नवरदेव घोडीवरून मारुतीपुढून जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. याला काय ठाऊक! बापूला पाहून हा खुलला. “ये बापू, धर लगाम!”

बापूने लगाम धरला. म्हणाला, “पोराला उतरव. हितनं पुढं घोडी नाय.”

“आरं, तूच म्हणला व्हता ना...”

“चेष्टा व्हती ती. चेष्टा बी कळंना व्हय तुला?”

जरा तरी लाज वाटावी! मी मधे पडलो, तर मागून एकाने सुनावलं, “तू पंक्चर काढ.” हातात काठ्या होत्या त्यांच्या. नवरदेव उतरला, पायी गेला. बाप रिकाम्या घोडीला धरून खाली मान घालून चालला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

घोडी लगेच विकली. बदली मागून तो बिऱ्हाडासह गेला. माझा निरोप घ्यायलाही थांबला नाही. पुढे काही वर्षांनी तो वारल्याचंच कळलं.

ते ऐकून बापू दुकानात येऊन बसला. चहा मागवला, बशीत ओतला आणि हळहळत म्हणाला, “लय गमत्या माणूस व्हता रे. तो गेल्यापासून मस्करीला कोणी राहिलंच नाय.”