पेन परत ठेवायचं का?

जर्मनीत गार्चिंगला मास्टर्ससाठी मला प्रवेश मिळाला तो अटीवर. पत्राच्या तळाशी दोन ओळी होत्या: अर्जदाराच्या आधीच्या शिक्षणात संभाव्यताशास्त्र पुरेसं झालेलं दिसत नाही, तरी पहिल्या वर्षात बॅचलरच्या मुलांबरोबर बसून हा विषय पास व्हावा. प्रयत्न दोन. न जमल्यास प्रवेश रद्द.

मी हसले होते. जिचे वडील कराडमध्ये वीस वर्षं गणिताचे क्लास घेतात, जिला बारावीला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, तिला हे लोक नाणी उडवायला शिकवणार! बाबांनी ते पत्र क्लासमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरंही हसली.

फेब्रुवारीत मी त्या विषयात नापास झाले.

आता एप्रिल उजाडला होता, दुसरा प्रयत्न दोन दिवसांवर आला होता, आणि तिसरा नव्हता. प्रवेश रद्द म्हणजे व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द म्हणजे बॅग भरून कराड. नापास झालेले आम्ही मोजून तिघं होतो. तिघांसाठी कोण पेपर काढणार, म्हणून या वेळी परीक्षा तोंडी होती. अर्धा तास, समोर प्रोफेसर, शेजारी प्रोटोकॉल, म्हणजे सगळ्या बोलण्याची नोंद, लिहिणारा त्यांचा असिस्टंट. लेखी परीक्षेत निदान कागदामागे लपता येतं.

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दर रविवारी ते फोनवर विचारायचे, "निकाल?" आणि मी सांगायचे, "नाही लागला अजून. इथे फार वेळ लावतात." जर्मन माणसाला दिरंगाईचा दोष देणारी मी जगातली पहिलीच असेन. बाबांना खरं वाटायचं, कारण आपली मुलगी गणितात नापास होऊ शकते हा पर्याय त्यांच्याकडे नव्हताच.

बाबांची पद्धत साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. गणित वाचायचं नाही, त्याचा टाइप ओळखायचा. 'कमीत कमी एक' दिसलं की एकातून वजा. 'इतक्या वेळा केलं, पैकी इतक्या वेळा जमलं' दिसलं की बायनॉमियल. 'सरासरी ताशी इतके' दिसलं की पॉयसन. 'पहिला मिळेपर्यंत' दिसलं की जॉमेट्रिक. पुढे सूत्र, सूत्रात आकडे, उत्तराला चौकट. बाबा फळ्यावर चौकट काढायचे तेव्हा खडूचा आवाज व्हायचा, आणि पोरांना वाटायचं की आपल्याला गणित आलं. मार्क तर नक्कीच मिळायचे.

मीही त्याच क्लासमध्ये शिकले. क्लासमध्ये त्यांना सर म्हणायचं, जिना उतरून घरात आलं की बाबा. बारावीला असताना एकदा मी हात वर केला. पिशवीत पाच लाल आणि तीन निळे चेंडू, एकामागून एक दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता काय, असं गणित होतं. मी विचारलं, "सर, पहिला चेंडू परत पिशवीत टाकायचा का?"

"असं लिहिलंय का प्रश्नात?"

"नाही."

"मग जे लिहिलेलं नाही ते विचारायचं नाही. सगळ्यांचा वेळ जातो. बाकावर उभी राहा."

मुलीला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तास संपेपर्यंत बाकावर. उत्तर मिळालंच नाही. मागच्या बाकांवरची मुलं माझ्या पायांकडे बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यानंतर कुठल्याही वर्गात मी हात वर केला नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही नाही.

फेब्रुवारीच्या पेपराला हातानं लिहिलेला एक कागद बरोबर नेता येत होता. बाकीची मुलं त्यावर सूत्रं आणि सोडवलेली उदाहरणं लिहीत होती. मी बाबांचा टाइपांचा तक्ता जर्मन शब्दांसकट उतरवून नेला. पेपर मी सगळ्यांच्या आधी संपवला. शेजारचा मुलगा अजून दुसऱ्या प्रश्नावरच होता. मला त्याची कीवही आली.

निकालानंतर तपासलेला पेपर बघायला बोलावतात, त्याला आइनझिश्ट म्हणतात. जर्मन मुलं तिथे अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी ऐटीत वाद घालतात. मी गेले ती मान खाली घालून. असिस्टंटनं माझा गठ्ठा पुढे सरकवला. माझ्या प्रत्येक गणिताशेजारी तांबड्या शाईत एकच गोष्ट लिहिलेली होती: एक्स, बरोबरीचं चिन्ह, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"हे उत्तर बरोबर आहे ना?" मी एका चौकटीवर बोट ठेवलं.

"आकडा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तो कशाचा आहे? तुमचा रँडम व्हेरिएबल, म्हणजे हा एक्स, काय मोजतो, त्याच्या किमती कोणत्या, हे कुठेच नाही. आणि पुढची तीन उत्तरं चूक आहेत ती त्याचमुळे."

तो अगदी शांतपणे बोलत होता. मला मात्र राग आला, आणि राग त्याचा नव्हता. बाबांचा होता. वीस वर्षं चौकटी काढल्या, कधी एका शब्दानं सांगितलं नाही की चौकटीत काय असतं. बसनं हॉखब्रुक स्टेशनला आले. तेव्हा यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, कॅम्पसपर्यंत येत नव्हती. फलाटावर उभ्या उभ्या मला रडू आलं. तिथे रडणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ते त्या दिवशी बरंच वाटलं.

पुढचे दोन महिने मी प्रत्येक गणितावर पहिली ओळ लिहायला शिकले. एक्स म्हणजे अमुक गोष्टींची संख्या. शंभर गणितं, शंभर ओळी. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी खात्री झाली होती की आता येतं. खरं काय झालं होतं ते मला दिसत नव्हतं. बाबांच्या तक्त्यात मी आणखी एक पायरी वाढवली होती, इतकंच.

प्रोफेसरांची खोली तिसऱ्या मजल्यावर. मी वीस मिनिटं आधी पोहोचले आणि कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत राहिले. आत गेले तेव्हा असिस्टंट टेबलाच्या कडेला कोरा कागद घेऊन बसलेला. प्रोफेसर उंच, वयस्कर, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. त्यांनी हस्तांदोलन केलं, बसायला सांगितलं, आणि समोरचा कप माझ्या बाजूला सरकवला. कपात जाहिरातीची सहा पेनं होती.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले. "सहा पेनं. दोन चालत नाहीत. कुठली ते बाहेरून कळत नाही. मी एकेक पेन काढून बघतो, पहिलं न चालणारं मिळेपर्यंत. सरासरी किती वेळा काढावं लागेल?"

माझा जीव भांड्यात पडला. 'पहिलं मिळेपर्यंत'! मी फळ्याशी जाऊन ओळ लिहिली: एक्स म्हणजे पहिलं न चालणारं पेन मिळेपर्यंत काढलेल्या पेनांची संख्या. खाली लिहिलं: जॉमेट्रिक. संभाव्यता सहात दोन, म्हणजे एक तृतीयांश. अपेक्षित किंमत तीन. आणि सवयीनं चौकट काढली.

प्रोफेसरांनी चौकटीकडे पाहिलं. "एक्सच्या किमती कोणत्या?"

"एक, दोन, तीन, अशा पुढे. अनंतापर्यंत."

"कपात पेनं किती?"

"सहा."

"मग एक्स नऊ होऊ शकेल?"

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही." मग पुन्हा फळ्याकडे बघितलं. तिथे जॉमेट्रिक लिहिलेलं होतं आणि जॉमेट्रिकमध्ये नऊ चालतं.

"हो की नाही?"

"प्रश्नात…" मी म्हणाले आणि थांबले.

"प्रश्न मी सांगितला तेवढाच आहे," ते म्हणाले. "बसा. तुम्ही स्वतःच करून बघा."

मी खुर्चीत बसले आणि कपातून एक पेन काढलं. पांढऱ्या कागदावर रेघ ओढली. निळी, चालणारी. आता पुढचं पेन काढायचं होतं, पण हातातलं खाली ठेवल्याशिवाय काढणार कसं? माझा हात कपाच्या वर गेला आणि तिथेच अडकला. कपात की टेबलावर?

असिस्टंटचं लिहिणं थांबलं होतं. माझं हे गप्प बसणंही तो प्रोटोकॉलमध्ये लिहिणार असेल, असं मला वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं गेली होती. प्रोफेसर खिडकीबाहेर बघत होते, तिथे फक्त पार्किंग होतं. मला काय अडलंय ते मला आता लख्ख दिसत होतं. तो एकच प्रश्न होता आणि तो ओठांपर्यंत येऊन परत जात होता. सहा वर्षांपूर्वीचा बाक मला पायांखाली जाणवत होता. जे लिहिलेलं नाही ते विचारायचं नाही. आणि इथे तर क्लास नव्हता, परीक्षा होती, समोर परीक्षक होते. परीक्षकाला प्रश्न विचारला म्हणजे मला येत नाही असं मी स्वतःच्या तोंडानं कबूल करणार, आणि ते कागदावर उतरणार, आणि मग बॅग, विमान, कराड. गप्प राहिले तरीही तेच होणार होतं. दोन्हीकडून तेच होणार असेल तर विचारून तरी मरू, असा एक चिडका विचार मनात आला, आणि त्या चिडीच्या भरातच मी बोलले.

"हे पेन परत कपात ठेवायचं का?"

प्रोफेसर खिडकीकडून वळले. "गेनाऊ," ते म्हणाले. "नेमकं हेच. याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. तुमचं काय मत? घरी तुम्ही काय कराल?"

"घरी?" मला हसूच आलं. "घरी बाजूला ठेवीन. एकदा बघितलेलं पेन परत आत कोण टाकेल?"

"मग तसं धरा."

मी पेन टेबलावर ठेवलं आणि फळ्याकडे गेले. जॉमेट्रिक पुसलं, चौकटही पुसली. चार चालणारी पेनं बाजूला ठेवली की पाचवं न चालणारंच निघणार. म्हणजे किमती एक ते पाच, नऊ शक्यच नाही. पहिल्याच वेळी मिळण्याची संभाव्यता सहात दोन. दुसऱ्या वेळी मिळायचं तर आधी चालणारं निघायला हवं, सहात चार, मग उरलेल्या पाचात दोन. असं एकेक करत मी उतरत गेले. सगळ्यांचा छेद सारखा केला तेव्हा खाली पंधरा आले आणि वर ओळीनं पाच, चार, तीन, दोन, एक. बेरीज पंधरा. मी ती पुन्हा केली, पुन्हा पंधराच. इतकं सरळ काहीतरी कुठल्याही सूत्राशिवाय माझ्या हातून उतरलं याचा मला इतका आनंद झाला की क्षणभर मी परीक्षेत आहे हे विसरले. अपेक्षित किंमत आली दोन पूर्णांक एक तृतीयांश.

"आणि परत ठेवलं असतं तर?"

"तर तीन. आणि तेव्हा नऊही चाललं असतं."

"बरोबर," प्रोफेसर म्हणाले. असिस्टंटचं पेन पुन्हा चालू झालं.

उरलेल्या वेळात त्यांनी आणखी दोन गणितं घातली. दोन्ही वेळा मी आधी त्यांनाच प्रश्न विचारले. एका ठिकाणी बेरीज चुकली, त्यांनी दाखवली, मी दुरुस्त केली. मग मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमधल्या त्या पाच मिनिटांत मी एक्स काय असेल, किमती कोणत्या असतील, काही म्हणून विचार केला नाही. फक्त दाराच्या हँडलकडे बघत बसले.

असिस्टंटनं दार उघडलं. "ग्रेड तीन पूर्णांक शून्य. पास," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

रविवारची वाट न बघता मी होस्टेलवर आल्या आल्या कराडला फोन लावला. तिथे क्लास नुकताच सुटला होता. मागे जिन्यावर पोरांचा गोंधळ ऐकू येत होता.

"लागला वाटतं निकाल," बाबा म्हणाले.

"दोन निकाल आहेत, बाबा. आज पास झाले. फेब्रुवारीत नापास झाले होते. तुम्हाला खोटं सांगितलं मी."

जिन्यावरचा आवाज कमी होत गेला. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती, पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आज काय विचारलं?"

मी पेनांचं गणित सांगितलं. शब्दाला शब्द, प्रोफेसरांनी सांगितलं होतं तेवढंच.

"मिळेपर्यंत म्हणजे जॉमेट्रिक," बाबा लगेच म्हणाले. "उत्तर तीन."

दोन महिने मनात धरलेला राग आता काढता आला असता. तो मला सापडलाच नाही. "बाबा," मी म्हणाले, "काढलेलं पेन कपात परत ठेवायचं का?"

"असं लिहिलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग मी विचारलं."

"त्यांना? परीक्षेत?" बाबांचा आवाज खाली आला. "आणि ते रागावले नाहीत?"

"नाही. त्याचीच वाट बघत होते म्हणाले."

फोनकार्डावरची मिनिटं जात होती. फोन कट झाला की काय असं वाटून मी हॅलो म्हणणार, तेवढ्यात बाबा बोलले.

"अगं, तो चेंडू परत टाकायचा नव्हता."

कुठला चेंडू, हे मला विचारावं लागलं नाही.