टोप सांभाळा

कुठल्याही दारातून आत शिरताना जमादार आधी गुडघ्यात वाकायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "टोप सांभाळा!" दार हत्ती जाईल एवढं उंच का असेना, जमादार वाकलेच म्हणून समजा.

एका चिमुकल्या संस्थानाच्या ड्योढीवर, म्हणजे राजवाड्याच्या मुख्य दारावर, त्यांची आयुष्यभराची नोकरी. अंगात लोखंडी कड्यांचं बख्तर, डोक्यावर टोकदार टोप, आणि काम एकच : उभं राहायचं. संध्याकाळी राजेसाहेब फिरून आले की म्हणायचे, "उतरव." मगच बख्तर निघायचं. त्या घराचा तसा रिवाजच होता.

मग संस्थानं विलीन झाली. एक शिपाई धावत ड्योढीवर आला, "जमादार, विलीन झालं! सगळं विलीन झालं!"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे विलीन काय होतं? माणूस होतो, पंचत्वात! जमादार तडक नदीवर गेले, डोकं भादरून, मिशी उतरवून आले आणि पुन्हा बख्तर चढवून दारात उभे राहिले. आत राजेसाहेब चहा पीत होते. बाहेर येऊन बघतात तर आपल्याच नावाने केलेलं मुंडण! जमादारांनी घाबरत विचारलं, "सरकार, मग गेलं कोण?" सरकार लालबुंद झाले, एक अक्षर न बोलता मोटारीत बसले आणि मुंबईला निघून गेले ते कायमचे.

"उतरव" म्हणायचं राहून गेलं.

जमादार तसेच आमच्या इतवारा पेठेत बहिणीकडे आले. आंघोळीपुरती सूट त्यांनी स्वतःच मंजूर करून घेतली होती. झोपायचे मात्र भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. भर वैशाखात केळी घ्यायला निघाले की कड्यांची छुमछुम ऐकून अख्खा बाजार वळायचा.

"जमादार, उतरवा की आता! भाजून राहिले तुम्ही!"

"हुकूम कुठे आला, भाऊ?"

आमच्या गणपतीतल्या नाटकमंडळीला तर घबाडच सापडलं. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी आयर्लंडवर नाटक लिहिलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथले वीर इंग्रज राणीच्या फौजेशी लढले, त्यावर. मास्तरांकडे अशा एका वीराचं चित्र होतं : गुडघ्यापर्यंत कड्यांचं बख्तर, आत जाड शिवलेली बंडी, डोक्यावर टोकदार टोप. अगदी आमचे जमादार! ते चित्र जमादारांनी बराच वेळ पाहिलं.

"हा कोणाच्या ड्योढीवरचा?"

"आयर्लंडचा हो. कधीच मेला तो."

"मेला? उतरवायचा हुकूम आला होता का त्याला?"

नाटकात ते दारावरचे पहारेकरी आणि मी राजा. कथिलाचा मुकुट, डिंकाने चिकटवलेली मिशी. मी मनात एक बेत केला होता. खोटा का होईना, राजा तो राजा! भर मांडवात, गॅसबत्तीच्या उजेडात मी हात उंचावला आणि गरजलो, "उतरव!"

जमादारांचा हात छातीवरच्या बंदाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जवळ आले आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "भाऊ, मिशी सुटून राहिली तुमची."

लोक हसून हसून लोळले. मीही हसलो. बंद मात्र तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात राजेसाहेबांचा कारभारी मुंबईहून आला. बख्तर आणि टोप कुणा परदेशी शौकिनाला विकले गेले होते.

जमादार ताठ उभे राहिले. "सरकार काय म्हणाले?"

"घेऊन ये म्हणाले."

"उतरव म्हणाले का?"

"तुम्हाला? अहो, तुम्ही आहात हेच त्यांना ठाऊक नाही. मला पत्ता शिपायाने दिला."

मग दोन हमालांनी बंद सोडले. आई अंगडं काढताना लेकरू करतं तसे जमादारांनी दोन्ही हात वर केले होते. उरली फक्त आतली कापसाची बंडी, कड्यांचे गंजके डाग पडलेली. ती घालून ते बहिणीच्या दारात उभे राहू लागले. आत जाताना तसेच वाकायचे. "टोप सांभाळा!"

पावसाळा त्यांनी पाहिला नाही. इतवाऱ्यातलं ते दार खरोखरच बुटकं. तिरडी निघताना पुढचे खांदेकरी वाकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टोप सांभाळा!" कोणी हसलं नाही.

तापीच्या काठावर कुणीतरी म्हणालं, अंगातली बंडी काढायला हवी. 'उतरव' म्हणायला कुणाचीच जीभ उचलेना.

बंडीसकटच सरणावर ठेवलं त्यांना.