रुमालावरून नाडी

साहेबांनी डाव्या मनगटावर रुमाल टाकला. पांढरा, इस्त्रीचा. मग हात माझ्यापुढं केला.

"रुमालावरनं बघ," म्हणाले. "आणि जाताना पाय तेवढे चेपून जा."

पाय दिवाणाखाली सोडलेले होते. उघडे. पायांवर रुमाल नव्हता.

मी त्या बंगल्यावर पाय चेपायला जात नव्हते. साहेबांची बायपास झाली होती. अशा ऑपरेशननंतर माणूस घाबरतो, जिना बघितला तरी छातीवर हात ठेवतो. त्याला पुन्हा चालतं करायचं, किती चालवायचं आणि कुठं थांबवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. व्यायामशास्त्रात एम.एस्सी. केलीय मी. कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलनं त्यासाठीच मला ठेवलं होतं. चालण्याआधी नाडी बघायची, थांबल्यावर पुन्हा बघायची. बोटाला लावायचं मशीन माझ्या पिशवीत होतं. पण ठोका मधेच चुकतोय का, हे माझ्या बोटांनाच नीट कळतं.

आदल्या दिवसापर्यंत साहेबांनी हाच हात मुकाट दिला होता. "पोरी, तुझा हात हलका हाय," असंही एकदा म्हणाले होते. मग हुपरीचे एक पाहुणे त्यांना भेटायला आले, चांदीचे व्यापारी. मीही हुपरीची, असं बोलता बोलता निघालं. "हुपरीत कुणाची?" पाहुण्यांनी विचारलं. मी आडनाव सांगितलं. पाहुणे "बरं, बरं" म्हणाले आणि चहा प्यायला लागले. आमच्याकडं आता जात कुणी विचारत नाही, आडनाव विचारतात. मी बौद्धवाड्यातली, हे पाहुण्यांना तिथल्या तिथं कळलं. साहेबांच्या मनगटाला ते रात्रीतून कळलं.

तोवर मी बरंच हसण्यावारी नेलं होतं. व्यायामाची डिग्री, तीही कोल्हापुरात! "आमच्या तालमीत फुकट मिळती की," असं तोंडावर म्हणणारे भेटले. कॉलेजातले माझ्याबरोबरचे बहुतेक जण जिममध्ये लागले. मला जिम नको होती. मला आजारी माणसं हवी होती, ज्यांना आपल्याच शरीराची भीती वाटते अशी. हॉस्पिटलात मला ती मिळाली, पण माझं असं कुणी मिळालं नाही. मी नर्स नाही, फिजिओ नाही, डॉक्टर तर नाहीच. नर्सेस त्यांच्या खोलीत जेवायच्या, फिजिओ त्यांच्या. मी जिन्यात बसून डबा खायचे. आईला फोनवर काम समजावून सांगायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हंजे जिमातच न्हवं?"

तर, रुमाल. मी हात पुढं केला नाही.

"रुमालावरनं नाडी लागत न्हाई," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. मी चालतो तसाच."

"नाडी बघितल्याबिगर मी चालवणार न्हाई."

"मग पाय चेप की."

दारात बाईसाहेब उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, वय झालंय त्यांचं. मनावर घिऊ नको."

मी त्या पायांकडं बघत राहिले. मनगटाला विटाळ होतो आणि पायाला होत नाही. आमच्या हातांनी अंगावर कुठवर यायचं, याची हद्द या घरात ठरलेली होती. माझी एम.एस्सी. त्या हद्दीच्या अलीकडंच पडली होती, पायांजवळ. संताप आला. सरळ बोलले.

"पाय चेपायला मी आलेली न्हाई."

पिशवी उचलली आणि बाहेर पडले. थांब म्हणून कुणी म्हणालं नाही.

मी पोचायच्या आत हॉस्पिटलात फोन गेला होता. मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी रुमालाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोठं घर आहे ते. थोडं सांभाळून घ्यायचं असतं," म्हणाले. मग म्हणाले, "असं कर, आपल्या जिममध्ये बायकांची बॅच आहे, ती तू घे. व्यायाम तो व्यायाम."

"सर, त्यांना रुमाल काढायला सांगा."

त्यांनी पुन्हा जिमच्या बॅचचंच सांगितलं. जिमला जाणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मग इथं तुला जागा नाही, असं त्यांनी सांगितलं. आवाज त्यांनीही चढवला नाही आणि मीही नाही.

स्टँडवर हुपरीची एस.टी. लागलेली होती. चढले नाही, बाकावर बसून आईला फोन केला. आई दुसऱ्याच्या कारखान्यात पैंजणाला घुंगरं लावते. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "एवढ्यापायी नोकरी सोडलीस? रुमालावरनं बघायची की गं. आमी काय काय सोसलं."

साहेबांचा राग आला होता, डॉक्टरांची कीव आली होती. आईच्या या वाक्यानं मात्र मी एकटी पडले. स्टँडवरच्या गर्दीत तोंडाला ओढणी लावून रडले. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात तिनं मला शिकवलं. पण तो मार मी पुढं चालवायचा, असा करार माझा कुणाशी झालेला नाही.

तेव्हापासून मी मुलाखती देत फिरतेय. सगळीकडं आधी जिमचंच विचारतात. मी हृदयाच्या पेशंटचंच काम मागते आणि रुमालाची गोष्ट स्वतःहून सांगते. ती ऐकल्यावर काही जण घड्याळ बघतात, काही "कळवतो" म्हणतात. अजून कुणी कळवलेलं नाही. भाड्याच्या खोलीत संध्याकाळी दार लावून बसते, तेव्हा भीती वाटते. ती वाटते, हे मी लपवत नाही. तरी उद्याच्या मुलाखतीतही हेच सांगणार आहे. नाडी मी माझ्या बोटांनी बघणार, उघड्या कातडीवर. ज्याला माझी बोटं चालत नाहीत, त्याला मी चालवणार नाही.